ड्रॅगची आरसी गाडी एका बाजूला ओढते? ट्रिमला हात लावण्याआधी हे करा

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, गाड्यांच्या ड्रॅग रेसिंगमधली सरळ धाव १३२ फुटांची. खऱ्या ड्रॅग स्ट्रिपच्या पाव मैलाचा, म्हणजे १,३२० फुटांचा, हा दहावा हिस्सा, कारण गाड्याही एक-दशांश मापाच्या. दोन-तीन सेकंदांत सगळं आटोपतं. एवढ्या वेळात वाकडी गेलेली गाडी रिमोटच्या चक्राने सावरणं फार थोड्यांना जमतं, आणि सावरली तरी तोवर शर्यत हातची गेलेली असते. गाडी मुळातच सरळ पळाली पाहिजे.

अमेरिकेत हा खेळ बराचसा पार्किंग लॉटमध्ये, डांबरावर कसलाही चिकट द्रव न फवारता चालतो. ‘नो प्रेप’ म्हणतात ते हेच. तिथे गाडी ओढायला लागली की आजूबाजूचे तीन सल्ले हमखास देतात: स्टीअरिंगला ट्रिम दे (रिमोटवरून पुढच्या चाकांची मधली जागा जराशी सरकव), जायरो (गाडी वाकली की आपोआप उलट स्टीअरिंग देणारं यंत्र) वाढव, उजव्या मागच्या चाकाला प्रीलोड दे (त्याची स्प्रिंग आधीच जास्त दाबून ठेव). पहिल्या दोन सल्ल्यांनी दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही. तिसरा सल्ला आपल्या गाड्यांना लागूच पडत नाही. तो का, ते पुढे सांगतो.

हे सगळं मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे. ट्रॅक्ससची ड्रॅग स्लॅश, असोसिएटेडची डीआर१०, लोसीची २२एस, किंवा घरी ड्रॅगसाठी बदललेली साधी स्लॅश, यांतली कुठलीही चालेल.

१. गाडी नेमकी कुठे वाकते ते शोधा

जायरो पूर्ण बंद करा, स्टीअरिंगचा ट्रिम शून्यावर आणा. आता गाडी सपाट फरशीवर हाताने ढकलून सोडा. अशीही ती वळत असेल तर दोष पुढच्या चाकांत किंवा सर्व्होत (स्टीअरिंग फिरवणाऱ्या छोट्या मोटरीत) आहे. हाताने ढकलल्यावर सरळ जाते आणि थ्रॉटल दिला की ओढते, तर दोष मागे आहे. बहुतेक वेळा मागेच असतो, आणि लोक तासन्‌तास पुढे शोधत बसतात.

मग दहा-पंधरा फुटांचे छोटे स्टार्ट मारा. मित्राला गाडीच्या मागे उभं करून फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रण करायला सांगा. समोर कुणीही उभं राहायचं नाही, लहान मुलं तर नाहीच. पाच-सहा पौंडांची गाडी त्या वेगाने पायावर बसली तर हाड मोडू शकतं.

चित्रणात एकच गोष्ट बघायची: गाडी सुटतानाच वाकते की अर्ध्या अंतरानंतर? सुटताना वाकत असेल तर वजन, चॅसिसचा पीळ, डिफ (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा संच) किंवा व्हीली बार (नाक फार उचललं जाऊ नये म्हणून मागे लावलेला, छोट्या चाकांचा दांडा). अर्ध्यानंतर वाकत असेल तर वेगात फुगणारे टायर, मागचा टो (वरून बघताना चाकांचा आत-बाहेर कोन), किंवा हवेने उचलली जाणारी बॉडी. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत. हे न बघता एकाच वेळी चार गोष्टी बदलणाऱ्याला गाडी सुधारली तरी ती कशाने सुधारली हे कधीच कळत नाही.

२. टायर

मागचे दोन्ही टायर डावे-उजवे अदलाबदल करून पुन्हा स्टार्ट मारा. ओढ बाजू बदलली तर दोषी टायरच. दोन्हींचा घेर कागदाच्या पट्टीने मोजा. डिफ घट्ट असेल तर मोठ्या टायरची बाजू पुढे रेटते आणि नाक लहान टायरकडे वळतं. घेर सारखा असूनही गाडी शेवटी शेवटी भरकटत असेल तर बेल्टेड टायर घ्या. आतल्या पट्ट्यामुळे ते वेगात फुगत नाहीत. इथे पैसे वाचवू नका.

रिमला चिकटवलेली कड सगळीकडून तपासा. बोटाने दाबून बघितल्यावर कड कुठे सुटलेली दिसली की तिथे सुपरग्लू.

३. चॅसिसचा पीळ आणि डावं-उजवं वजन

मला सगळ्यात जड गेलेला भाग हाच, आणि सर्वाधिक चुकीचे सल्लेही याच भागाबद्दल मिळतात.

आधी प्रीलोडचा विषय. खऱ्या ड्रॅग कारमध्ये इंजिन लांबीच्या दिशेने असतं, शाफ्ट पुढून मागे फिरतो, आणि थ्रॉटल दिला की गाडीचं धूड एका बाजूला पिळलं जातं. त्यावर उतारा म्हणून तिथे उजव्या मागच्या चाकावर जास्त भार देतात. आपल्या गाड्यांत मोटर आडवी बसते, म्हणजे तिचा आस मागच्या अ‍ॅक्सलला समांतर असतो. तिच्या टॉर्कची प्रतिक्रिया नाक वर उचलते, गाडीला डावी-उजवी पिळत नाही. नसलेल्या दुखण्यावर प्रीलोडचं औषध दिलं की नवं दुखणं तयार होतं. व्हिडिओत कुणी कितीही ठामपणे सांगो, मागे एका बाजूला जास्त प्रीलोड मुद्दाम देऊ नका.

आता मोजणी. सपाट जागा हवी. टेबल सपाट दिसतं, पण सहसा नसतं. ग्रॅनाइटची लादी किंवा जाड काच वापरा. गाडी शर्यतीला निघताना असते तशी ठेवा, बॅटरीसकट, बॉडीसकट.

त्याआधी चारही शॉकचे खालचे स्क्रू काढा, अँटी-रोल बार (डावं-उजवं सस्पेन्शन जोडणारी तार) असेल तर त्याच्या लिंकही सोडा, आणि सस्पेन्शनचे हात, म्हणजे चाकं धरणारे आडवे दांडे, वर-खाली करून बघा. प्रत्येक हात स्वतःच्या वजनाने अलगद खाली पडला पाहिजे. अडकत असेल तर पिन वाकली आहे किंवा भोकात माती आहे. ते दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढचे सगळे आकडे खोटे येतील. मग डाव्या-उजव्या शॉकची लांबी एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत कॅलिपरने मोजून जोड्या सारख्या करा, आणि परत जोडा.

एकाच मॉडेलचे दोन डिजिटल वजनकाटे घ्या. स्वयंपाकघरातले चालतात. मागची चाकं काट्यांवर, पुढची चाकं काट्यांच्याच उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर. गाडी मधोमध दाबून सोडा, दोन-तीनदा, म्हणजे शॉक नैसर्गिक जागी बसतील. आकडे लिहा. काटे अदलाबदल करून पुन्हा लिहा. नंतर पुढची चाकं काट्यांवर आणि मागची ठोकळ्यांवर ठेवून तेच करा. चार आकडे हातात आले की निम्मं काम झालं.

वाचायचं असं. डावं मागचं जड आणि डावं पुढचंही जड असेल तर वजनच डावीकडे आहे. बॅटरी सरकवा, नाहीतर उजवीकडे शिशाचा तुकडा चिकटवा. कॉलर (शॉकवरची स्प्रिंग दाबणारं कडं) फिरवून डावीकडचं वजन उजवीकडे जात नाही. हे वाक्य टूलबॉक्सच्या झाकणावर लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण लोक इथेच तासभर कॉलर फिरवत बसतात आणि डाव्या बाजूची बेरीज ढिम्म हलत नाही.

डावं मागचं जड पण डावं पुढचं हलकं असेल, तर तो पीळ. भार एका कर्णावर गेला आहे. आता कॉलरचं काम. डाव्या मागच्या शॉकचा कॉलर अर्धा फेरा सैल, उजव्या मागच्याचा अर्धा फेरा घट्ट. दोन्ही बाजू एकत्र फिरवल्या की गाडीची उंची तीच राहते. पुन्हा दाबा, सोडा, वाचा. मागच्या दोन चाकांतला फरक मी पाच ग्रॅमच्या आत आणतो, त्याहून जास्त असेल तर गाडी ट्रॅकवर नेत नाही.

दोन्ही कॉलरमध्ये दोन-तीन फेऱ्यांचा फरक पडूनही आकडे जुळत नसतील तर थांबा. चॅसिसच पिळलेली आहे. वरच्या डेकचे (चॅसिसच्या वर बसणाऱ्या प्लेटचे) सगळे स्क्रू सैल करा, चॅसिस लादीवर तळहाताने सपाट दाबून धरा आणि स्क्रू आलटून पालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एकाच बाजूने ओळीने आवळले की पीळ परत बसतो.

एक जागा फार कमी लोक बघतात. बॉडी काढून आणि बॉडी लावून, असे दोनदा आकडे घ्या. बॉडीची भोकं किंचित चुकीच्या जागी पाडलेली असतील तर क्लिप लावताना बॉडी तिला धरणाऱ्या खांबांना खेचते आणि चॅसिस पिळते. डाव्या-उजव्यातला फरक बदलला तर भोकं रीमरने (भोक रुंद करायच्या हत्याराने) मोठी करा. बॅटरीचा पट्टा अति आवळला तरी हेच होतं.

काटे नसतील तर एक जुनी युक्ती आहे. स्क्रूड्रायव्हरचं टोक मागे चॅसिसच्या अगदी मध्यभागी टेकवून गाडी हळू उचला. दोन्ही चाकं एकदमच सुटली पाहिजेत. आधी सुटतं ते हलकं. पुढूनही तसंच करा. ट्रॅकवर घाईत तपासायला ही युक्ती उत्तम, पण पहिली जुळणी काट्यांवरच करा.

एवढा खटाटोप का? ड्रॅगसाठी डिफमध्ये खूप जाड तेल भरतात किंवा सरळ स्पूल (दोन्ही चाकं एकत्र बांधणारा भाग) टाकतात, म्हणजे दोन्ही चाकं जवळजवळ एकाच वेगाने फिरतात. मग ज्या चाकावर भार जास्त ते जास्त रेटतं, आणि नाक उलट्या बाजूला जातं. डावं मागचं जड असेल तर गाडी उजवीकडे. डिफ मोकळा ठेवून ही ओढ कमी होते हे खरं, पण मग हलकं चाक जागीच भिरभिरतं आणि सगळी ताकद वाया जाते. डिफ घट्टच ठेवा आणि भार समान करा.

४. व्हीली बार

बारची दोन्ही छोटी चाकं जमिनीला एकाच क्षणी टेकली पाहिजेत. एक आधी टेकलं तर तेच गाडीला वळवतं. बार फार खाली असेल तर मागच्या टायरवरचा भार तो स्वतःवर घेतो आणि टायर घसरतात. चार-पाच मिलिमीटरच्या फटीने सुरुवात करा.

५. मागचा टो आणि पुढचा भाग

मागे प्रत्येक बाजूला दोन ते तीन अंश टो-इन. पुढे शून्य, किंवा किंचित आत. सर्व्हो सेव्हर (सर्व्होला धक्क्यापासून वाचवणारी स्प्रिंगची जोडणी) ढिला असेल तर बदला.

डांबर घसरडं असेल तर पुढचे शॉक जास्त लांब उघडू द्या, म्हणजे वजन मागे जाईल. पकड चांगली असेल तर ती लांबी कमी करा, नाहीतर नाक हवेत जातं.

६. ईएससी

मोटरचा वेग सांभाळणाऱ्या या कंट्रोलरवर पंच (थ्रॉटल दिल्यावर ताकद किती झटक्याने येते ते) कमी करा, ड्रॅग ब्रेक (थ्रॉटल सोडल्यावर आपोआप लागणारा ब्रेक) शून्य. रेषा ओलांडल्यावर गाडी गिरकी घेत असेल तर ब्रेकची ताकद उतरवा. ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतात, त्यामुळे ती जाम झाली की शेपूट पुढे येते.

७. जायरो, सगळ्यात शेवटी

गाडी जायरोशिवाय अर्धा ट्रॅक सरळ जायला लागली की मगच जायरो सुरू करा. वाकड्या गाडीवर जायरो लावला तर काय होतं ते स्लो मोशनमध्ये स्पष्ट दिसतं. सुटताना पुढची चाकं बोटभर उचलली जातात, गाडी डावीकडे ओढते, जायरो हवेतल्या चाकांना उजवीकडे वळवतो. त्याने काहीच होत नाही म्हणून आणखी वळवतो. मग चाकं त्याच वळलेल्या अवस्थेत जमिनीवर आपटतात आणि गाडी थेट उजव्या कठड्यात.

दिशा तपासा: गाडीचा मागचा भाग हाताने झटकन डावीकडे सरकवला तर पुढची चाकंही डावीकडे वळली पाहिजेत. उलट वळत असतील तर सेटिंग उलटं करा. गेन (जायरो किती जोराने सावरतो ते) कमीपासून वाढवत न्या. वेगात शेपूट वळवळायला लागली की एक पायरी खाली या आणि तिथेच ठेवा.