युरोपीय चित्रांतील गावजत्रा कशी पाहावी

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत फिरलेल्या माणसाची फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या उत्तर भागातील, जत्राचित्रे पाहण्याची निम्मी तयारी आधीच झालेली असते. देऊळ कोठे, घोड्या-गाढवांचा बाजार कोठे, कुस्त्यांचा फड आणि तमाशाचे तंबू कोठे, हे तो गर्दीतही हेरतो. तीच सवय चित्रासमोर वापरावी.

सुरुवात सोळाव्या शतकातील चित्रकार थोरल्या पीटर ब्रूगेलच्या 'शेतकऱ्यांचे नृत्य' या १५६८ च्या सुमाराच्या चित्राने करावी. मूळ चित्र व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे, परंतु त्याच्या मोठ्या प्रतिमा संकेतस्थळांवर मिळतात. मोबाइलच्या पडद्यावर बारकावे हरवतात, म्हणून संगणक वापरावा.

प्रथम माणसे सोडून इमारती पाहाव्यात. केर्मिस ही जत्रा गावच्या चर्चच्या प्रतिष्ठापनेच्या किंवा ग्रामसंताच्या दिवशी भरत असे. तरीही येथे चर्च पार मागे, लहानसे उभे आहे आणि नाचणाऱ्यांपैकी कोणाचेही तोंड तिकडे नाही. झेंडा फडकतो आहे तो मद्यालयापाशी, आणि उजवीकडे झाडाला लावलेल्या मेरीमातेच्या चित्राची कोणी दखलही घेत नाही. मग डावीकडच्या बॅगपाइप वाजवणाऱ्याकडे, त्याच्या शेजारच्या टोपीत मोरपीस खोवलेल्या तरुणाकडे आणि पुढ्यात नाचणाऱ्या दोन लहान मुलींकडे यावे. या मुलींवर थोडा वेळ अवश्य थांबावे, कारण त्यांच्याकडे पाहिल्यावर हे चित्र केवळ खेडुतांच्या बेतालपणाची निंदा करते असे मला तरी म्हणवत नाही.

दुसरे चित्र १५५९ चे, 'कार्निवल आणि लेंट यांची झुंज'. यात दृष्टी उंचावरून आहे, म्हणून चित्र डावे-उजवे वाचावे: एकीकडे मद्यालय, दुसरीकडे चर्च, पिंपावर बसलेला, उपवासापूर्वीच्या मौजमजेचे रूप असलेला लठ्ठ कार्निवल आणि ईस्टरपूर्व उपवासकाळाचे रूप असलेला, फावड्यावर दोन मासे धरलेला कृश लेंट. त्यानंतर कडेचे भिकारी आणि अपंग शोधावेत, कारण जत्रेचा खरा समाज बहुधा कडेलाच सापडतो.

ही चित्रे शेतकऱ्यांच्या घरांसाठी नव्हती. ब्रूगेलचे ग्राहक अँटवर्पसारख्या शहरांतील धनिक होते. ब्रूगेल मित्रासह शेतकऱ्याच्या वेषात, नातेवाईक म्हणवून गावच्या जत्रांना आणि लग्नांना जाई, असे चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या कारेल व्हान मांडरने १६०४ मध्ये लिहिले. पण चित्रकार १५६९ मध्येच वारला होता, त्यामुळे ही गोष्ट पुरावा म्हणून न घेता आख्यायिका म्हणून घ्यावी. शिवाय धाकट्या पीटर ब्रूगेलने वडिलांच्या चित्रांच्या अनेक प्रती केल्या, म्हणून कोणतेही मत बनवण्यापूर्वी प्रतिमेखालील चित्रकाराचे नाव व साल तपासावे.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील, सतराव्या शतकातील फ्लेमिश चित्रकार रुबेन्सची १६३५ च्या सुमाराची केर्मिस शेवटी पाहावी. तेथे माणसे सुटी राहत नाहीत, सारा घोळका एकाच वेगाने घुमतो. ब्रूगेलचा प्रत्येक चेहरा वेगळा ओळखून झाल्यावरच हा फरक नीट दिसतो.