इंजिनिअरिंग मॅनेजरच्या मुलाखतीची तयारी

इंजिनिअरिंग मॅनेजर म्हणजे सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या टीमचा प्रमुख. या मुलाखतीत साधारणपणे लोकव्यवस्थापन, प्रकल्पाची अंमलबजावणी आणि सिस्टिम डिझाइन (मोठ्या सॉफ्टवेअरची रचना ठरवणे) या अंगांनी प्रश्न येतात. कोडिंगची फेरी काही कंपन्यांत असते, काहींत नसते, म्हणून ते एचआरकडून आधीच विचारून घ्यावे.

सर्वाधिक वेळ मात्र स्वतःच्या अनुभवांच्या उजळणीला द्यावा. मागे पडलेल्या सहकाऱ्याला सावरणे, दोन ज्येष्ठ अभियंत्यांमधील मतभेद मिटवणे, रिलीज लांबणीवर पडणे अशा प्रत्येक प्रसंगाची परिस्थिती, आपली जबाबदारी, कृती आणि परिणाम या क्रमाने टिपणे काढावीत. मागे पडलेल्या सहकाऱ्याबद्दल ‘त्याच्याशी बोलून प्रश्न सोडवला’ हे उत्तर माझ्या मते अगदीच अपुरे आहे. कामातील कोणती उदाहरणे त्याच्यासमोर ठेवली, सुधारणेसाठी किती मुदत दिली, वन-ऑन-वनमध्ये (दोघांच्याच नियमित भेटीत) काय तपासले आणि अखेर काय घडले, हे सांगता आलेच पाहिजे. सहकाऱ्याचे नाव मात्र घेऊ नये.

सिस्टिम डिझाइनमध्ये आधी वापरकर्त्यांची संख्या आणि अपेक्षित भार विचारून मगच डेटाबेस, कॅशे (वारंवार लागणारी माहिती चटकन मिळावी म्हणून ठेवलेला तात्पुरता साठा) यांकडे वळावे, आणि खर्च, जोखीम व टीमची क्षमता यांचाही हिशेब मांडावा.

शेवटी आपणही विचारावे: ऑन-कॉलचा (बिघाड झाल्यास कधीही हजर राहण्याच्या पाळीचा) भार कसा वाटला जातो, आणि हे पद रिकामे का झाले?