बडोद्यात नवीन आलात? मग चपला-सँडल घ्यायच्या आधी एवढं वाचा

कोणाच्या नवऱ्याची बदली मकरपुऱ्याला होते, कोणी रिफायनरीत लागतं, कोणाची मुलगी एमएसयूला, म्हणजे सयाजीराव विद्यापीठात, शिकायला येते, आणि नवीन आलेल्या मैत्रिणींशी ओळख झाली की पहिल्या आठवड्यात घरकामाची बाई, दूध आणि शाळा, आणि दुसऱ्या आठवड्यात हमखास हा प्रश्न, की इथे लेडीज चपला चांगल्या कुठे मिळतात हो. मी लग्न होऊन इथे आले ती इथलीच झाले, त्यामुळे उत्तर द्यायला मला आवडतं, पण दुकानाचं नाव सांगून काम होत नाही असं माझं मत आहे. आधी हे बघा की बडोद्यात आपले पाय दिवसभर असतात कुठे. ते असतात अ‍ॅक्टिवावर! मुंबई-पुण्याच्या बायका चालतात, इथल्या चालवतात. भाजी, क्लास, बँक, देऊळ, सगळं स्कूटरवर, अगदी गल्लीच्या टोकाला जायचं असलं तरी.

म्हणून मुंबईहून आणलेले ते मऊ चालायचे बूट इथे कपाटात पडून राहतात आणि लोकलच्या सवयीने घेतलेल्या सपाट स्लिप-ऑन सिग्नलला पाय टेकवला की निघून येतात, मागून हॉर्न वाजतोय आणि आपण एका पायाने चप्पल ओढतोय. मोजडीचंही तेच. पेन्सिल हील तर विचारूच नका, आणि सोल अगदीच पातळ असेल तर सेंटर स्टँड लावताना तळव्याला असा रुततो की दुसऱ्या दिवशी कळतं. मागून पट्टा असलेलं, दीड-दोन इंचाच्या आत उंचीची रुंद टाच असलेलं, खाली खाचा असलेलं सँडल, हे इथलं रोजचं खरं पादत्राण. फक्त पट्टा बकलवाला नको, इलॅस्टिक किंवा वेल्क्रोवाला घ्या, कारण दुसरी गोष्ट म्हणजे इथे दिवसातून किती वेळा चपला काढाव्या लागतात त्याला गणती नाही. शेजारच्या बेनकडे, देरासर म्हणजे जैन देवळात किंवा हवेली म्हणजे वैष्णवांच्या देवळात, साडीच्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसायचं तेव्हा, काही दवाखान्यांतसुद्धा. दर वेळी वाकून बकल लावणारी बाई मी अजून पाहिली नाही, सगळ्या शेवटी पट्टा टाचेखाली दाबून चालतात आणि मग तो तुटतो.

आता बाजार. जुन्या शहरात न्यायमंदिर म्हणजे जुन्या कोर्टाची ती देखणी इमारत, तिच्या जवळ लहरीपुरा दरवाजा आणि तिथला मंगळ बाजार, ही बायकांच्या खरेदीची जागा. कुर्ती, बांगड्या, पर्स आणि चपला, चपला, चपला. दोनशे-तीनशेपासून सुरुवात. गाडी आत नेऊ नका, बाहेरच लावून चालत जा. भाव करायचाच, लाजायचं नाही, 'छेल्ला केटला?' म्हणजे शेवटचा भाव किती, एवढं आलं तरी पुरे, आणि गुजराती येत नसेल तर हिंदीत बोला, दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या कित्येक दुकानदारांना मराठी कळतं, त्यामुळे दुकानात उभ्या राहून मराठीत 'जास्त सांगतोय गं हा' असं मैत्रिणीला म्हणू नका, तो हसतो आणि भाव तोच धरून बसतो. फेरीवाल्याकडे बिल नाही, परत नाही. पक्क्या दुकानात मात्र 'फिट न आवे तो बदली आपशो ने?' म्हणजे बसलं नाही तर बदलून द्याल ना, हे पैसे द्यायच्या आधी विचारायचं, नंतर विचारून उपयोग नाही. बदलून बहुतेक देतात, पैसे परत मात्र कोणी देत नाही.

ब्रँडचं हवं असेल तर अलकापुरीत आर. सी. दत्त रोडला शोरूम आहेत, गोरव्याच्या बाजूला इनऑर्बिट मॉल आणि मांजलपुरात इव्हा मॉल. माझा हिशोब असा, की फॅशनचं, कपड्यांवर मॅचिंग, चार महिन्यांत कंटाळा येणार हे माहीत असलेलं ते मंगळ बाजारातून, आणि जे रोज आठ तास पायात राहणार ते शोरूममधून, मग ते महाग का असेना. बऱ्याच जणी नेमकं उलटं करतात. लग्नात दोन तास घालायच्या सँडलवर तीन हजार आणि रोजच्या चपलेवर अडीचशे, आणि मग टाच दुखते म्हणून डॉक्टर.

शोरूममध्ये एक गोष्ट तुमच्याही लक्षात येईल, पुरुषांचा माल जास्त. आपल्याकडे चपला-बुटांच्या बाजारात पुरुषांचा वाटा अर्ध्याहून जास्त आहे. बायकांच्या मालात डिझाइन दर दोन महिन्यांनी बदलतं, पण रुंदीचा विचार फार कमी कंपन्या करतात. आणि आपला पाय रुंद असतो, हे आता नुसतं आपलं म्हणणं नाही. चेन्नईच्या सीएलआरआय या सरकारी चर्मसंशोधन संस्थेने 2021 च्या डिसेंबरपासून 2022 च्या मार्चपर्यंत देशात 79 ठिकाणी लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली, त्यात भारतीय पाय युरोपियनांपेक्षा रुंद निघाले, आणि त्यावरून 'भा' नावाची आपली स्वतःची मापपद्धत सुचवली गेली. दुकानात मात्र अजून यूके आणि युरोपियन नंबरच चालतात. त्याच पाहणीत असंही दिसलं की मुलींच्या पायाची वाढ साधारण अकराव्या वर्षापर्यंत जोरात होते, म्हणून पाचवी-सहावीतल्या मुलीला एकदम तीन जोड घेऊन ठेवू नका.

नंबरचा घोळ नीट समजून घ्या. यूकेचा एक नंबर वाढला की लांबी साधारण साडेआठ मिलिमीटरने वाढते, युरोपियनचा एक नंबर वाढला की साडेसहाच्या थोडं वर. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर नीट बसतच नाहीत, त्यामुळे 'मला पाच लागतो म्हणजे 38' हे बऱ्यापैकी बरोबर असलं तरी पुढच्या दुकानात तोच 38 टोचतो. मी तर नंबर सांगतच नाही, मापाचा कागद काढते. संध्याकाळी, दिवसभर उभं राहून झाल्यावर कागदावर उभं राहायचं, टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजायचं, दोन्ही पाय, कारण एक पाय थोडा मोठा असतोच, आणि मोठ्या पायाचं माप धरायचं. ऑनलाइन घेताना हाच आकडा साइझ चार्टशी लावायचा. सकाळी अकराला सेलमध्ये घेतलेलं सँडल संध्याकाळी सातला का आवळतं याचं उत्तर तिथेच आहे, दिवसभरात पाय सुजतो. गरोदरपणात तर पाय कायमचा अर्धा-एक नंबर वाढू शकतो, बाळ झाल्यावर जुन्या चपलांत पाय कोंबू नका.

सेलचं गणितही ऐका, कोणी सांगत नाही. दुकानदार माल सेटमध्ये उचलतो, एका डिझाइनच्या सेटमध्ये मधले नंबर जास्त आणि टोकाचे एखाद-दुसरे. 37-38 वाली गिऱ्हाइकंही सगळ्यात जास्त, त्यामुळे सेलच्या पहिल्या दोन दिवसांत मधले नंबर संपतात आणि शेवटी 36 आणि 41 पडून राहतात. तुमचा पाय लहान किंवा मोठा असेल तर सेलच्या शेवटच्या आठवड्यात जा, दुकानदार आणखी कमी करतो. 38 वाल्यांनी पहिल्याच दिवशी जायचं. मोठे सेल जानेवारीत आणि जुलैत. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, कमुरता असतो, म्हणजे आपला धनुर्मास, लग्नं नसतात, तेव्हा जरीच्या सँडल-मोजड्यांना गिऱ्हाईक कमी आणि दुकानदार बोलायला मोकळा. ज्यांच्या घरी फेब्रुवारीत लग्न आहे त्यांनी हे दिवस सोडू नयेत. नवरात्राच्या आधीचे आठ दिवस मात्र मंगळ बाजारात फक्त धक्के खायला जायचं असेल तर जा.

नवरात्रावरून आठवलं, सगळ्यात महत्त्वाचं. बडोद्यात गरबा अनवाणी खेळतात. मधे माताजी आहेत, मग चपला कशा घालणार. नव्या मुली हौसेने आरसेवाली मोजडी घेऊन येतात आणि पहिल्याच रात्री ती पर्समध्ये. मोजडी घ्या की, फोटोला छान दिसते, दिवाळीला वापरा, पण गरब्यासाठी म्हणून पैसे घालू नका. मैदानावर जाताना घरातली सगळ्यात जुनी स्लीपर घालायची, कारण हजारो चपलांच्या ढिगात ती परत मिळेलच असं नाही, आणि एक कापडी पिशवी न्यायची म्हणजे स्लीपर त्यात घालून सोबत कोणी न खेळणारं बसलं असेल त्याच्याकडे देता येते. मैदानात खडे असतात, 2022 मध्ये तर त्यावरून खूप बोंबाबोंब झाली होती. जुन्या खेळणाऱ्या मुली बोटांना आणि टाचेला मेडिकलची पट्टी चिकटवून येतात, आणि पंधरा दिवस आधीपासून गच्चीवर अनवाणी सराव करतात. डायबिटीस असेल तर मात्र अनवाणी नकोच, बाजूला बसून बघा, पायाला लागलेलं कळत नाही आणि ते महागात पडतं.

दुकानात वस्तू हातात घेऊन बघायची सवय लावा. इथे बरेच जैन आणि वैष्णव लोक चामडं टाळतात, त्यामुळे 'बेन, लेधर नथी' हे दुकानदार कौतुकाने सांगतो, आपण ते ऐकून निराश व्हायचं नाही, चांगलं सिंथेटिक असतंच. पण लेदर म्हणून पैसे घेत असेल तर कापलेली कड बघा, चामड्याला आत तंतू दिसतात, रेक्झीनच्या मागे कापडाची जाळी. सोल पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, हलका आणि मऊ असतो, रोजच्याला उत्तम, पण त्याची एक खोड आहे, हवेतल्या ओलाव्याने तो आतून कुजतो. चार वर्षं खोक्यात जपून ठेवलेलं लग्नाचं सँडल बाहेर काढलं आणि हॉलच्या पायऱ्यांवर त्याचा भुगा झाला, असं दर सीझनला कोणाचं ना कोणाचं होतं. पीयूची चप्पल अधूनमधून वापरायलाच हवी. क्वचित घालायचं असेल ते टीपीआर (रबरासारखं प्लास्टिक) किंवा रबर सोलचं घ्या. आणि नुसत्या चिकटवलेल्या सोलचं सँडल आणलं की तसंच नाक्यावरच्या मोच्याकडे नेऊन कडेने शिवून घ्या, थोड्या पैशांत आयुष्य दुप्पट होतं. मे महिन्यात इथे पारा चाळीसच्या वर असतो, दाराबाहेर उन्हात ठेवलेल्या चपलांचा गोंद सुटतो, शू-रॅक सावलीत हवा.

किंमतीचं एक. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या जोडावर जीएसटी 5 टक्के आहे, त्याच्या वर 18. आधी हजारापर्यंत 12 आणि त्यापुढे 18 होता. म्हणजे हजार ते अडीच हजारातला, शोरूममधला रोजचा चांगला जोड, तोच सगळ्यात जास्त स्वस्त व्हायला हवा. अडीच हजाराच्या जरासं वर काही आवडलं तर थोडं कमी करायला सांगून बघा, रेषेच्या खाली आलं की टॅक्सही उतरतो. एमआरपीत कर धरलेला असतो, वरून वेगळा लावू देऊ नका.

पावसाळ्यात लेदर बंद, प्लास्टिकचं किंवा रबराचं, खाली खाचा असलेलं. विश्वामित्री नदीच्या आसपास तळमजल्यावर घर घेतलं असेल तर शू-रॅकचा खालचा खण जून ते सप्टेंबर रिकामा ठेवा, 2024 च्या ऑगस्टमध्ये कित्येकांच्या घरात पाणी शिरलं होतं. त्या पाण्यातून चालायची वेळ आलीच तर अनवाणी अजिबात नाही, नंतर पाय साबणाने धुवा.

पावागडच्या डोंगरावर कालिकामातेला पहिल्याच महिन्यात पाहुणे घेऊन जाल, सगळे जातात. रोपवे आहे पण तो वरपर्यंत नेत नाही, पुढे पायऱ्या चढायच्याच, तिथे सँडलऐवजी बूट घाला आणि मोजे जाड घाला, देवळात बूट काढल्यावर फरशी उन्हाने तापलेली असते.

आणि कोल्हापुरी. इथे बाजारात 'कोल्हापुरी' म्हणून जे मिळतं ते बहुतेक रेक्झीनचं, खाली पीयू. खरी कोल्हापुरी वनस्पतींच्या सालीत कमावलेल्या चामड्याची, खिळा न मारता चामड्याच्याच वादीने शिवलेली. तिला महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. माहेरी जाल तेव्हा तिकडूनच आणा, घट्ट वाटली तरी चालेल, ती सैल होते, पहिले काही दिवस घरातच घाला, आतून तेलाचा हात फिरवा, पावसात काढू नका. जैन घरमालक असतील तर ती दाराबाहेरच्या रॅकमध्ये ठेवायच्या आधी एकदा मोकळेपणाने विचारून घ्या, बहुतेक जण काही म्हणत नाहीत. आणि माहेरी निघायच्या आधी मला एक फोन करा, सोसायटीतल्या तीन गुजराती भाभींचे मापाचे कागद माझ्याकडे तयार आहेत.