घरच्या वापरासाठी परवडणारे फोटो आणि ग्राफिक्स सॉफ्टवेअर कसे निवडावे

सॉफ्टवेअर शोधायला बसण्यापूर्वी गेल्या वर्षभरात घरात फोटोंची आणि सजवलेल्या मजकुराची कोणती कामे निघाली, हे एका कागदावर उतरवून काढावे. बहुतेक घरांत ही यादी सारखीच असते: सहलीचे काळवंडलेले फोटो उजळणे, अर्जासाठी फोटो ठरावीक मापात बसवणे, आजी-आजोबांचा तडा गेलेला फोटो दुरुस्त करणे आणि मुंज, बारसे किंवा सत्यनारायणाची पत्रिका तयार करणे. यांपैकी एकाही कामासाठी दरमहा पैसे भरावे लागत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

तरीही बहुतेकांच्या तोंडी पहिले नाव फोटोशॉपचेच येते. ते उत्तम सॉफ्टवेअर आहे, यात शंका नाही. मात्र २०१२ची सीएस ६ ही एकदाच पैसे भरून कायमची मिळणारी शेवटची आवृत्ती ठरली आणि २०१३पासून ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीने वर्गणीची पद्धत स्वीकारली. वर्गणी घ्यायचीच असेल, तर ‘वार्षिक योजना, मासिक हप्ता’ हे शब्द नीट वाचावेत, कारण तो वर्षभराचा करार असतो आणि तो मध्येच मोडल्यास शुल्क लागू शकते. ओळखीच्या कोणाकडून मिळणारी ‘क्रॅक’ केलेली प्रत मात्र घरात आणूच नये. ती बेकायदेशीर तर आहेच, शिवाय ती बसवण्यासाठी अनेकदा अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते, आणि ज्या संगणकावर आपण बँकेचे व्यवहार करतो त्याचे दार असे उघडे टाकणे फार महागात पडू शकते.

निवड करताना एक मूलभूत भेद समजून घ्यावा. फोटो हा लहान लहान रंगीत ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलांचा बनलेला असतो. तो प्रमाणाबाहेर मोठा केला की फाटतो. पत्रिकेवरची अक्षरे, वेलबुट्टी किंवा बोधचिन्ह हे रेषांच्या गणितावर आधारलेले, म्हणजे व्हेक्टर असेल, तर ते कितीही मोठे केले तरी कडा स्वच्छ राहतात. म्हणून फोटोसाठी गिम्प आणि पत्रिकेसाठी इंकस्केप ही जोडी घ्यावी. दोन्ही पूर्णपणे मोफत व मुक्त स्रोताची आहेत, आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालतात. गिम्पचे काम १९९५मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केले आणि मार्च २०२५मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली. म्हणजे आज शिकून उद्या बंद पडेल अशी ही वस्तू नाही. डाउनलोड करताना नावाशी मिळत्याजुळत्या संकेतस्थळांवर न जाता गिम्प डॉट ऑर्ग आणि इंकस्केप डॉट ऑर्ग हीच ठिकाणे वापरावीत.

जुना फोटो दुरुस्त करताना निम्मे यश स्कॅनिंगमध्येच असते. ४ × ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके या हिशेबाने) स्कॅन केला, तर २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात आणि छपाईच्या ३०० डीपीआय या हिशेबाने त्याची ८ × १२ इंचांची फ्रेम उत्तम निघते. मोबाइलने टिपलेल्या फोटोला हे साधत नाही, कारण कागदाची चमक आणि कोनाची वक्रता त्यात उतरते. गिम्पमध्ये फोटो उघडल्यावर सर्वांत आधी लेयरची, म्हणजे चित्राच्या थराची नक्कल करावी आणि त्या नकलेवरच काम करावे. मग ‘हील’ हे साधन निवडून कंट्रोल दाबून ठेवत तड्याच्या शेजारच्या स्वच्छ भागावर एकदा क्लिक करावे आणि नंतर तड्यावरून लहान ब्रश हलक्या हाताने, तुकड्यातुकड्याने फिरवावा. नऊवारीच्या काठावरून तडा गेला असेल, तर नमुना त्याच काठावरचा घ्यावा. डोळे आणि ओठ यांना शक्यतो हात लावू नये. तिथली एक बारीक रेघ राहिली तरी चालते, पण पुसलेल्या चेहऱ्यात आजी ओळखू येत नाही. आणखी एक गोष्ट नवशिक्यांना हमखास अडवते: गिम्पमध्ये ‘सेव्ह’ केल्यावर एक्ससीएफ नावाची फाइल तयार होते, जिच्यात सर्व लेयर सुरक्षित राहतात, तर जेपीजी हवी असल्यास ‘एक्स्पोर्ट’ हा वेगळा पर्याय वापरावा लागतो. दोन्ही ठेवाव्यात.

मराठी मजकूर हा मात्र असा मुद्दा आहे, ज्याकडे सॉफ्टवेअरची तुलना करणाऱ्या बहुतेक लेखांचे लक्षच नसते, आणि आपल्याकडे तर पत्रिकेचे सगळे काम त्याच्यावर अवलंबून असते. कोणतेही सॉफ्टवेअर, मोफत असो वा विकतचे, स्वीकारण्यापूर्वी त्यात एक वाक्य टाइप करून पाहावे: ‘कऱ्हाडच्या दुसऱ्या शिक्षिकेने उत्कृष्ट ज्ञान दिले.’ पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसली, पाय मोडलेली अक्षरे सुटी दिसू लागली किंवा ‘ऱ्या’चा अर्धा र नीट उमटला नाही, तर ते सॉफ्टवेअर आपल्या कामाचे नाही. गिम्प आणि इंकस्केप या परीक्षेत उत्तीर्ण होतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्येही मजकुराची ‘वर्ल्ड रेडी’ मांडणी निवडली नसेल, तर जोडाक्षरे बिघडू शकतात.

फॉन्ट युनिकोडचाच, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या सामाईक अक्षरपद्धतीचाच घ्यावा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीत दिसतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील, तर टिरो देवनागरी मराठी पाहावा. इतके करूनही छापखान्यात मूळ फाइल पाठवू नये. आमच्या घरच्या मुंजीच्या वेळी मी तशी पाठवली, तेव्हा तिथे तो फॉन्ट नसल्यामुळे दुसराच बसला, ओळी सरकल्या आणि मुहूर्ताची वेळ खालच्या ओळीतील पत्त्याला जाऊन चिकटली. नमुना प्रत मागवली होती म्हणून ते वेळीच लक्षात आले. इंकस्केपमध्ये सर्व मजकूर निवडून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ केले की अक्षरांच्या आकृत्या बनतात आणि फॉन्टचा प्रश्नच उरत नाही. मात्र त्यानंतर मजकूर बदलता येत नाही, त्यामुळे आधीची प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवावी आणि छापखान्याला पीडीएफच द्यावी.

इतर पर्यायांपैकी अ‍ॅफिनिटीचा विचार जरूर करावा. पूर्वी एकदाच पैसे भरून मिळणारे हे सॉफ्टवेअर कॅनव्हाने २०२४मध्ये विकत घेतले आणि ऑक्टोबर २०२५पासून ते विंडोज व मॅकवर मोफत केले. त्यासाठी कॅनव्हाचे मोफत खाते लागते आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुविधांना वेगळे पैसे पडतात. कोणी पीएसडी (फोटोशॉपची) फाइल पाठवली आणि ती एकदाच उघडायची असेल, तर ब्राउझरमध्ये चालणारे फोटोपी पुरेसे आहे. त्यात जाहिराती दिसतात, पण फाइल आपल्याच संगणकावर राहते. कॅमेऱ्यातून रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न केलेला मूळ फोटो काढणाऱ्यांनी डार्कटेबल घ्यावे, चित्रे काढणाऱ्या मुलांना क्रिता द्यावे आणि मोबाइलवर फक्त उजेड-सावली सुधारणाऱ्यांना स्नॅपसीड पुरते.

फोटो लॅबला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, अन्यथा तो आकसतो आणि स्कॅनिंगची मेहनत वाया जाते. मोठी फ्रेम करायला टाकण्यापूर्वी ४ × ६ची एक प्रत काढून ती दिवसाच्या उजेडात खिडकीशी धरून पाहावी. पडद्यावरून उजेड येतो आणि कागदावर तो पडतो, त्यामुळे पडद्यावर ठीक दिसलेला चेहरा कागदावर बहुधा थोडा काळा उतरतो. तसे दिसल्यास गिम्पच्या ‘कर्व्ह्ज’ या उजेड कमी-जास्त करण्याच्या साधनात रेषेचा मधला भाग किंचित वर उचलून पुन्हा एक छोटी प्रत काढावी आणि मगच मोठ्या फ्रेमची ऑर्डर द्यावी.