व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम सहा महिन्यांचा

मुले अमेरिकेत आणि आई-वडील पुण्यात, नाशकात किंवा साताऱ्यात, अशा घरांमध्ये दर एक-दोन वर्षांनी अमेरिकेची खेप ठरलेली असते. त्यासाठी लागणारा बी-१/बी-२ हा पर्यटक व्हिसा भारतीयांना बहुधा १० वर्षांसाठी मिळतो आणि त्यावर कितीही वेळा प्रवेश करता येतो. त्यामुळे अनेकांचा असा समज होतो की, या १० वर्षांत आपण हवे तितके दिवस तिथे राहू शकतो. वस्तुतः हा व्हिसा केवळ अमेरिकेच्या दारापर्यंत जाण्याचा परवाना आहे. आत घ्यायचे की नाही आणि घेतल्यास किती दिवसांसाठी, हे विमानतळावरील अधिकारी प्रत्येक खेपेस नव्याने ठरवतो व तशी तारीख आय-९४ या नोंदीत घालतो.

पर्यटकाला सामान्यतः सहा महिने मिळतात. म्हणजे १० मे रोजी उतरलेल्या व्यक्तीची मुदत बहुतेक वेळा ९ नोव्हेंबरला संपते. ही नोंद आता संगणकीय असते आणि पासपोर्टवर शिक्का मिळेलच असे नाही, म्हणून मुलांच्या घरी पोहोचल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावरून आय-९४ उतरवून घ्यावे आणि नाव, पासपोर्ट क्रमांक व तारीख तपासावी. चूक आढळल्यास ती त्याच विभागाच्या कार्यालयात दुरुस्त करून घेता येते. परतीचे तिकीट काढताना डोळ्यांसमोर हीच तारीख असावी, व्हिसावरची नव्हे. जुन्या पासपोर्टवरचा व्हिसा चालू असेल, तर तो आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यावेत.

दोन खेपांमध्ये किती अंतर ठेवावे, हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. कायद्यात त्यासाठी दिवसांचा आकडा दिलेला नाही. मात्र अधिकाऱ्याला पूर्वीच्या साऱ्या येण्या-जाण्याच्या नोंदी समोर दिसतात, आणि सहा महिने तिथे, महिनाभर इथे, पुन्हा सहा महिने तिथे असा क्रम दिसला की हे पाहुणे नसून राहायलाच येतात, असा निष्कर्ष तो काढू शकतो. तसे झाल्यास कमी मुदत मिळते किंवा विमानतळावरूनच परत पाठवले जाते. जितके दिवस तिथे राहिलो, निदान तितके दिवस भारतात काढून मगच पुन्हा जावे, हा व्यवहारातला ठोकताळा आहे. तो नियम नाही, पण पाळण्याजोगा आहे.

विमानतळावर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे खरी आणि थोडक्यात द्यावीत. कोणाकडे जाणार, किती दिवस राहणार, परतीचे तिकीट कधीचे आहे, एवढे सांगता आले तरी पुष्कळ. सुनेच्या किंवा मुलीच्या बाळंतपणासाठी जाण्यात काहीच गैर नाही. आजीने नातवंडाला मांडीवर घेणे म्हणजे नोकरी नव्हे. पण पगारी सांभाळणारी बाई परवडत नाही म्हणून आई-वडिलांना आळीपाळीने सहा-सहा महिने बोलवायचे, असाच बेत असेल, तर तो या व्हिसाच्या हेतूत बसत नाही, हे मुलांनीही समजून घ्यावे.

मुदत संपत आली की चार दिवस कॅनडाला जाऊन यावे, म्हणजे नवे सहा महिने मिळतात, असा सल्ला ओळखीपाळखीत सर्रास दिला जातो. त्यावर विसंबू नये. कॅनडा किंवा मेक्सिकोची ३० दिवसांच्या आतली सहल सामान्यतः जुन्याच आय-९४ मध्ये मोजली जाते. शिवाय नायगऱ्याचा धबधबा पलीकडच्या काठावरून पाहायचा, तरी कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो.

आजारपणासारख्या खऱ्या कारणाने अधिक राहावे लागले, तर आय-५३९ हा अर्ज करावा. तो आय-९४ ची मुदत संपण्यापूर्वी पोहोचलाच पाहिजे. किमान ४५ दिवस आधी करावा, अशी तेथील इमिग्रेशन खात्याची सूचना आहे. वाढ जास्तीत जास्त सहा महिन्यांची मिळते. अर्ज नामंजूर झाला, तर विनाविलंब निघावे. अर्ज न करता मुदतीपेक्षा अधिक राहिल्यास १० वर्षांचा तो व्हिसा आपोआप रद्द होतो. बेकायदा वास्तव्य १८० दिवसांहून अधिक झाल्यावर देश सोडला, तर तीन वर्षे, आणि एक वर्ष किंवा त्याहून अधिक झाल्यास १० वर्षे प्रवेशबंदी लागते.

कराचा हिशेब मात्र फारसे कोणी करत नाही. अमेरिकेत घालवलेले चालू वर्षाचे सर्व दिवस, गेल्या वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश यांची बेरीज १८३ झाली, की पर्यटकही करापुरता तेथील रहिवासी ठरू शकतो. दरवर्षी १२० दिवस राहिल्यास ही बेरीज १८० होते. दरवर्षी १८० दिवस राहिल्यास २७०. चालू वर्षातले दिवस १८३ पेक्षा कमी असतील आणि घरदार, उत्पन्न भारतातच असेल, तर ८८४० क्रमांकाचा अर्ज भरून सूट मागता येते.

निघण्यापूर्वी घ्यायच्या विम्यात मधुमेह, रक्तदाब यांसारखे आधीपासूनचे आजार कितपत धरले आहेत, हे बारकाईने वाचावे. मेडिकेअर ही सरकारी योजना पाहुण्यांसाठी नाही. निवृत्तिवेतनधारकांचा मुक्काम नोव्हेंबरमध्ये येत असेल, तर हयातीच्या दाखल्याची सोय आधी पाहावी. भारतीय वकिलातीतूनही तो मिळतो.

वर्षातला बराचसा काळ तिथेच घालवायचा असेल आणि मुलगा किंवा मुलगी २१ वर्षांवरील अमेरिकी नागरिक असेल, तर आई-वडिलांसाठी आय-१३० अर्ज करून ग्रीन कार्ड मागता येते, आणि त्याला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. पण ते घेतल्यावर मुख्य वास्तव्य अमेरिकेत ठेवावे लागते, म्हणून आठ महिने पुण्यातच राहू इच्छिणाऱ्यांना पर्यटक व्हिसाच अधिक सोयीचा आहे.