जुन्या टू-स्ट्रोक चेतकचं फुल इंजिन घरच्या घरी कसं बांधायचं

आधी स्पष्ट करतो, मी 2020 साली आलेल्या इलेक्ट्रिक चेतकबद्दल बोलत नाहीये, 1972 पासून बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या पत्र्याच्या टू-स्ट्रोक चेतक स्कूटरबद्दल बोलतोय. 57 मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), 57 मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल), 145.45 सीसी, एकच सिलिंडर, व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही. घरी पहिलं फुल इंजिन काम, म्हणजे पूर्ण इंजिन खोलून, झिजलेले पार्ट बदलून परत जोडणं, करायचं असेल तर यापेक्षा चांगलं इंजिन शोधून सापडणार नाही असं माझं ठाम मत आहे.

पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. इंजिन का गेलं हे सापडल्याशिवाय एकही पार्ट विकत आणायचा नाही. बहुतेक ठिकाणी काय होतं, पिस्टन जाम झाला की सिलिंडर बोअर करून (आतून कापून मोठा करून) नवीन पिस्टन टाकतात, गाडी पंधरा दिवस मस्त पळते आणि परत जाम होते, मग दोष पिस्टनच्या कंपनीला. अहो, पिस्टन जाम होणं हा परिणाम आहे, कारण वेगळीकडेच असतं.

म्हणून इंजिन खोलायच्या आधी, गाडी थोडी तरी चालू होत असेल तर लक्षणं बघून घ्या. सायलेन्सरमधून भरपूर पांढरा धूर येतोय आणि गिअर ऑइल दर महिन्याला कमी होतंय, तर क्लच साइडचं ऑइल सील (ऑइल आणि हवा अडवणारी कडी) गेलंय, इंजिन गिअर ऑइल पितंय. थ्रॉटल सोडला तरी इंजिन आपोआप रेस होत राहतं, तर बहुतेक मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकाचं फिरतं चाक) साइडच्या सीलमधून किंवा कार्ब्युरेटरखालच्या पॅकिंगमधून हवा ओढतंय, म्हणजे पेट्रोल कमी, त्यातलं ऑइलही कमी, आणि हेच पिस्टन खाऊन टाकतं. दुसऱ्या गिअरमधून गाडी सटकत असेल तर आधी गिअरच्या केबल नीट ॲडजस्ट करून बघा, तरीही सटकली तर आतला गिअर क्रॉस (गिअर पकडणारा फुलीच्या आकाराचा पार्ट) झिजलाय. हे सगळं वहीत लिहून ठेवा.

इंजिन उतरवणं सोपं आहे. पेट्रोल पूर्ण काढून डबा लांब ठेवा, बंद शेडमध्ये काम असेल तर दार उघडं ठेवा आणि आसपास गॅस किंवा विडी-सिगारेट काही नको. मग कार्ब्युरेटर, गिअर आणि क्लचच्या केबल, मागच्या ब्रेकची केबल, वायरिंग, सायलेन्सर, हे सगळं सोडवा. त्यानंतर इंजिन फक्त दोन बोल्टवर लटकलेलं असतं, एक शॉकॲबसॉर्बरचा खालचा आणि एक पुढचा आरपार जाणारा लांब बोल्ट. हा लांब बोल्ट वर्षानुवर्षं गंजून बसलेला असतो, त्याच्यावर थेट हातोडा घातला की टोक फुलतं आणि मग तो कधीच निघत नाही, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा आणि नट टोकावर अर्धा ठेवूनच ठोका. उतरवण्याआधी बाहेरून डिझेल आणि ब्रशने इंजिन धुऊन घ्या, कारण बाहेरची माती आत गेली तर नवीन बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब.

टूलच्या बाबतीत एकच आग्रह. मॅग्नेट काढायचा पुलर आणि क्लचचा खाचांचा नट उघडायचं खास टूल, हे दोन्ही घ्याच. छिन्नी लावून क्लच नट उघडणारे बघितलेत, तो नट दुसऱ्यांदा नीट घट्ट होत नाही. बाकी मापं घ्यायला व्हर्नियर आणि फीलर गेज, आणि ठरलेल्या जोराने नट आवळायला टॉर्क रेंच. पुण्यात असाल तर नाना पेठेत स्पेअरची दुकानं आहेतच, आणि बुधवार-रविवारी जुन्या बाजारात फेरी मारली तर जुने ओरिजिनल पार्टही हाती लागतात, फक्त तिथं घेताना व्हर्नियर खिशात ठेवा.

आता हेड आणि सिलिंडर काढा, आणि पिस्टन पुसायच्या आधी नीट बघा, मोबाइलवर फोटो काढा. सगळी गोष्ट तिथंच लिहिलेली असते. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे असतील तर इंजिन जास्त तापलंय किंवा ऑइल कमी पडलंय, सायलेन्सर कार्बनने चोंदलाय का बघा, सिलिंडरवरचं पत्र्याचं काउल जागेवर आहे का, त्याच्या आत उंदराने घरटं तर नाही केलं तेही बघा. हे इंजिन मॅग्नेटवरच्या पंख्याच्या हवेवर थंड होतं, काउल नसेल तर ती हवा सिलिंडरला लागतच नाही. पिस्टनला चारी बाजूंनी ओरखडे असतील तर पिस्टन आणि बोअरमधली जागा कमी ठेवली होती किंवा रनिंग न करताच, म्हणजे नवीन पिस्टनवर सुरुवातीला हळू न चालवताच, गाडी पिळली होती. पिस्टनच्या डोक्याला भोक पडलं असेल तर इंजिन हवा ओढत होतं किंवा टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) पुढे गेलं होतं. टायमिंगचा संशय आला तर मॅग्नेटखालची अर्धचंद्र चावी बघा, ती थोडी जरी कातरली गेली असली तरी मॅग्नेट फिरतो आणि टायमिंग बिघडतं. मॅग्नेटखालची कॉइल प्लेट काढण्याआधी प्लेट आणि केसवर (इंजिनचं दोन भागांचं बाहेरचं कवच) मिळून एक खूण करा, हे विसरू नका.

केस उघडताना दोन भागांच्या मध्ये स्क्रूड्रायव्हर घालायचा नाही, म्हणजे नाहीच. सगळे नट निघाल्याची खात्री करा, एखादा राहिलेला असतोच, मग रबरी हातोड्याने हळूहळू. गिअरच्या एका शाफ्टमध्ये सुट्या सुया असतात, नीडल रोलर, त्या खाली पडतात, काढतानाच मोजून डबीत ठेवा आणि लावताना ग्रीसमध्ये चिकटवून बसवा. शाफ्ट, वॉशर, शिम, सगळं ज्या क्रमाने निघालं त्या क्रमाने कागदावर मांडत जा.

इथं चेतकची सगळ्यात नाजूक जागा येते. पेट्रोल-हवा आत घ्यायला वेगळा व्हॉल्व्ह नाही, क्रँकची (पिस्टनच्या रॉडने फिरणारा मुख्य शाफ्ट) गोल तबकडीच केसमधल्या एका गुळगुळीत पट्टीजवळून फिरते आणि छिद्र उघडते-झाकते. या पट्टीवर खोल चरे पडले असतील तर गाडी किकला त्रास देते आणि कार्ब्युरेटरमधून उलटं पेट्रोल फेकते, मग वरून कितीही नवीन पार्ट टाका. पट्टीवर पॉलिश पेपर मारायचा नाही, जागा वाढते. चरे खोल असतील तर वेल्डिंग-मशिनिंग करणारा चांगला लेथवाला शोधा. केस बदलायचा विचार करत असाल तर थांबा, दोन्ही अर्धे जोडीनेच मशिन केलेले असतात, एका गाडीचा उजवा दुसरीच्या डाव्याला बसत नाही, आणि वर इंजिन नंबर केसवरच असतो. आरसी बुकातला नंबर जुळला नाही की पंधरा वर्षांनंतरच्या री-रजिस्ट्रेशनला आरटीओत अडकाल.

क्रँक हातात धरून कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवा, सरळ रेषेत जरासुद्धा खेळ नको, आजूबाजूला थोडा चालतो. खेळ असेल तर रॉड किट बसवणं आणि क्रँक सेंटर करणं लेथवाल्याला द्या, हे घरी होत नाही आणि करूही नये. बोअरचंही तसंच, पण क्रम पाळा, आधी पिस्टन विकत घ्या, मग तो पिस्टन घेऊनच बोअरिंगला जा, म्हणजे लेथवाला त्या पिस्टनच्या मापाने बोअर करेल. ‘दुसरा ओव्हरसाइज करून ठेवा, पिस्टन नंतर आणतो’ असं कधीच सांगू नका.

बेअरिंग आणि सील सगळे नवीन, यात कंजूषी नको, कारण क्लच साइडचं सील बदलायला परत पूर्ण केस उघडावी लागते. नवीन बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, केस गरम करा, पाण्याचा थेंब टाकला की चर्र व्हायला हवा, मग बेअरिंग जवळजवळ हाताने आत जातं. सीलच्या ओठाला थोडं ग्रीस लावा.

रिंग पिस्टनवर चढवण्याआधी नुसती बोअरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलर गेजने मोजा, साधारण 0.20 ते 0.35 मिमी पाहिजे. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगची टोकं खाचेतल्या पिनवर, पिस्टन रॉडला जोडणाऱ्या गजन पिनचे लॉक नेहमी नवीन, आणि लॉक बसवताना केसच्या तोंडावर फडका कोंबून ठेवा. हेडला मूळचं पॅकिंग नसेल तर आपल्या मनाने टाकू नका, त्यापेक्षा जाड काचेवर ओला 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून हेड आठच्या आकारात घासून सपाट करा. हेडचे नट तिरपे-तिरपे, टप्प्याटप्प्याने, 13 ते 18 न्यूटन-मीटरला. मॅग्नेटचा नट मात्र 60 ते 65, पण तो पुढची टेस्ट झाल्यावरच.

आता सगळे टाळतात ती टेस्ट, इंजिनमधून हवा गळतेय का हे बघायची. जुन्या बीपी मशिनचा फुगा आणि मीटर घ्या, एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटरचं तोंड रबर लावून बंद करा, प्लगच्या भोकात अडॅप्टर लावून मीटरवर 250 येईपर्यंत हवा भरा. काटा चार-पाच मिनिटं जवळपास तिथंच राहिला पाहिजे. खाली आला तर सीलजवळ आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील तिथं गळती. मॅग्नेट साइडचं सील पाहायला मॅग्नेट बाहेरच असू द्या. माझ्या मते इंजिन चढवण्याआधी ही टेस्ट झालीच पाहिजे, कारण हवा ओढणारं इंजिन तुमचं सगळं काम परत खाऊन टाकणार.

चढवल्यावर गिअर ऑइल पाव लिटर, प्लगचा गॅप 0.6 मिमी, पॉइंटवाली (ठिणगीसाठी उघडझाप करणारे कॉन्टॅक्ट असलेली) गाडी असेल तर पॉइंटचा गॅप 0.3 ते 0.5 मिमीच्या मध्ये. पेट्रोलचा पाइप नवीन आणि इथेनॉल सहन करणारा घ्या, आताच्या पेट्रोलमध्ये जुना रबर लवकर मऊ पडतो. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल एरवी लिटरला 20 मिली, पण पहिल्या दोन टाक्या 30 टाका, धूर दिसेल, दिसू दे.

पहिल्या दिवशी चालू करून दोन-तीन मिनिटांत बंद, पूर्ण गार होऊ द्या, परत चालू, असं काही वेळा करा आणि गार इंजिनवरच हेडचे नट परत तपासा. पहिले 500 किलोमीटर चाळीसच्या आत, एकाच थ्रॉटलवर लांब पल्ला नको, डबलसीट घाट तर अजिबात नको. उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी गिअरमध्ये लोटू नका, टू-स्ट्रोकमध्ये थ्रॉटल बंद म्हणजे ऑइलही बंद, अधूनमधून थोडा रेस द्या. शंभरेक किलोमीटर झाले की प्लग काढून बघा, बदामी तपकिरी आला तर ठीक. काळा ओला असेल तर काही दिवस थांबा, कारण ऑइल जास्त टाकलंय. पांढरा फटक आला तर गाडी तिथंच उभी करा आणि बीपीचा फुगा परत बाहेर काढा.