बंगल्याच्या पार्किंगला टिकाऊ फरशी

पुण्यात जूननंतर चिखलाची चाके आत येतात, म्हणून चकचकीत टाईल पार्किंगमध्ये नकोच. शहाबादी स्वस्त पडते, पण तेल शोषते आणि डाग राहतो. इपॉक्सी रंग दिसायला देखणा, मात्र खालून ओल आली की फुगून सुटतो. आमची पसंती १२ मिमी किंवा जाड, खडबडीत पृष्ठभागाच्या पार्किंग टाईल्सना.

१० × १८ फुटांच्या जागेला १८० चौरस फूट लागतात; तुटफूट धरून १९५ घ्या, एकाच बॅचच्या. कोबा, म्हणजे टाईलखालचा काँक्रीटचा थर, पक्का हवा. बाहेरच्या गेटकडे दर फुटाला ३ मिमी उतार द्या, म्हणजे १८ फुटांत सुमारे दोन इंच. उतार कोब्यातच काढा, अॅडहेसिव्हच्या (टाईल चिकटवायच्या मसाल्याच्या) थराने नव्हे.

सर्वात जास्त फरशा फुटतात त्या पोकळीमुळे. मिस्त्री चार कोपऱ्यांत मसाल्याचे गोळे ठेवून टाईल दाबतात. मधे हवा राहते आणि चाकाचा भार आला की तडा जातो. दातेरी थापीने अॅडहेसिव्ह पूर्ण पसरवायला लावा, टाईलच्या पाठीलाही पातळ हात द्या. २० किलोची गोणी साधारण ४०-५० चौरस फुटांना पुरते. अधूनमधून बसवलेली टाईल लगेच उचलून पाहा: पाठ पूर्ण माखलेली हवी.

सांधे ३ मिमी, भिंतीलगत ६ मिमी मोकळे. तिथे सिमेंट नाही, सीलंट (लवचीक भरण). टाईलमधल्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा मसाला), कारण सिमेंटचे ग्राउट तेलाने काळे पडते. दुसऱ्या दिवशी चालता येते, गाडी मात्र सात दिवसांनीच आत घ्या.